खाऱ्या वाऱ्याचा मक्ता

जून 2025 मध्ये इगतपुरीपुढील अखेरचा टप्पा खुला होऊन नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांच्या आपल्या पूर्ण लांबीने वाहता झाला, तेव्हापासून विदर्भातील रंगकामाच्या मक्तेदारांना अलिबाग, मुरुड, गुहागर या बाजूच्या बंगल्यांची कामे हाताच्या अंतरावर आल्यासारखी वाटू लागली असतील, तर त्यात नवल करण्याजोगे काही नाही. तथापि ज्या कारागिराचा हात वैशाखातील 45 अंशांच्या कोरड्या झळांत तयार झाला, सकाळी मारलेला पहिला हात दुपारच्या जेवणापूर्वीच सुकलेला पाहण्याची ज्याच्या डोळ्यांना सवय जडली, त्याने समुद्रकाठच्या भिंतीचे अंदाजपत्रक त्याच सवयीच्या भरवशावर लिहून देणे हा आपल्याच गाठीचा पैसा घालविण्याचा राजरोस मार्ग होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे बाह्यरंगाचा वैरी म्हणजे ऊन. पश्चिमेच्या भिंतीवरून तळहात फिरविला असता हाताला लागणारी भुकटी आणि काळ्या मातीवरील पायाच्या हालचालीने गिलाव्याला पडणाऱ्या चिरा, हे दोन रोग ओळखले की नागपूरच्या रंगाऱ्याचे निदान बहुतेक पुरे होते. किनाऱ्यावरचा वैरी मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मिठाचा स्वभावच असा आहे की, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली म्हणजे ते भोवतालचे बाष्प ओढून घेऊन स्वतः विरघळते. कोकणात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे हवा या मर्यादेच्या वरच असते आणि हिवाळ्यातही पहाटेच्या सुमारास ती तेथवर पोचते. रंगाच्या थराखाली या मिठाचा अंशमात्र कोंडला गेला असेल, तर तो रात्री पाणी खेचून फोड आणतो आणि दिवसा सुकताना स्फटिकरूप धारण करून थर उचलून देतो. हा क्रम काही महिने चालला की भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि दोष, अर्थातच, रंगाच्या डब्याला दिला जातो. डबा बहुधा निरपराध असतो. त्यावर किनारपट्टीसाठी खास म्हणून छापलेल्या अक्षरांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना हे ऐकून संतोष होईल की नाही, हे मात्र सांगवत नाही.

यास्तव या कामात कुंचल्याच्या आधी पाणी येते, आणि तेही गोडे पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरी पुष्कळदा मचूळ असतात. अशा पाण्याने धुतलेली भिंत न धुतलेल्या भिंतीहून बरी म्हणता येणार नाही. संशय असल्यास पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत, पाणी दाट दुधासारखे पांढुरले तर टँकर मागवावा. शेवाळ मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर लावण्याचा शिरस्ता सर्वत्र आहे. पण ती पूर्णपणे धुऊन न काढल्यास मागे क्षारच ठेवून जाते, याची आठवण थोड्यांनाच असते. गिलाव्यात खाडीची न धुतलेली रेती वापरलेली असेल, तर मीठ भिंतीच्या पोटातच आहे असे समजावे आणि तेथे घाई करू नये.

धुतल्यानंतरचा प्रश्न वेळेचा. शालेय भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. किनाऱ्यावरच्या रंगाऱ्याला मात्र दिवसाचे वेळापत्रक त्यांच्यावरूनच आखावे लागते. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि दिवस चढला की तो फिरून समुद्रावरून जमिनीकडे मीठ वाहून आणू लागतो. पहाटेचे दव सुकल्यापासून वारा फिरेपर्यंतचे जे काही तास मिळतात, तेच खरे कामाचे. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी अधिक आहे याची खात्री करूनच डबा उघडावा, आणि दोन हातांच्या मध्ये एखादी वाऱ्याची संध्याकाळ गेली असेल, तर दुसऱ्या हातापूर्वी समुद्राभिमुख बाजू पुन्हा गोड्या पाण्याने पुसून सुकू द्यावी. खिडक्यांच्या गजांच्या बाबतीत तर घासणे, धुणे, सुकविणे आणि अस्तर लावणे हे एकाच दिवसात उरकलेच पाहिजे, कारण उघडे पडलेले लोखंड रात्रभर थांबत नाही.

भिंत कशाची आहे, हेही पाहिले पाहिजे. कोकणातील जुनी घरे जांभ्या चिऱ्याची. पायातून वर चढणारी ओल चिऱ्यातून आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून जाईल, अशीच त्यांची घडण आहे. अशा भिंतीवर रबरासारखा जाड थर चढवून ती जलरोधक केल्याची ग्वाही देणारे मक्तेदार ओलीला आत कोंडतात. तेथे चुनाच बरा: तो श्वास घेऊ देतो, हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी नवा हात मागत असला, तरी जुना खरवडावा लागत नाही. सलोह काँक्रीटची गोष्ट नेमकी उलट. तेथे क्षार आत शिरू न देणे हेच रंगाचे मुख्य कर्तव्य, कारण गजाला चढलेला गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापून वरचे काँक्रीट फोडून टाकतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील ज्या इमारतसमूहाला 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले, त्यातील घरे दर्यासमोर उभ्याने हा मारा सोसत आली आहेत, आणि 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर अशा कित्येक घरांच्या डागडुजीला मालकाच्या गाठीस पैसाही उरला नाही. भारतीय मानक 456 किनारी वातावरणातील काँक्रीटला गजावर 45 मिलिमीटरांचे आवरण मागते. जेथे ते मूळ बांधकामातच 20 मिलिमीटर ठेवले गेले, तेथे रंगाने सर्व भरून निघेल असे लेखी देणे हा भाबडेपणा आहे, किंवा त्याहून वाईट काही.

आमची सूचना दरपत्रकाच्या मसुद्याविषयी आहे. चौरस फुटाला अमुक दर, ही नागपुरी पद्धत किनाऱ्यावर अपुरी पडते. धुलाईचे पाणी आणि खोळंब्याचे दिवस या दोन स्वतंत्र बाबी दरपत्रकात लिहिल्या गेल्या पाहिजेत, कारण जी बाब कागदावर नाही, ती पहिल्या तंगीत परांचीवरूनही नाहीशी होते.

उरला मुहूर्ताचा प्रश्न. कोकणात चाकरमानी गणपतीला घरी येतो आणि घर रंगविलेले पाहू इच्छितो. म्हणजे रंगकामाची मागणी नेमकी श्रावणात, रत्नागिरीसारख्या वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात, भिंती चिंब असताना येते. आपल्याकडे दसरा-दिवाळीपूर्वी घरे काढण्याची वहिवाट निदान हवामानाशी फारशी भांडत नाही. ही मात्र सरळ भांडते. गणपतीसाठी ओटी, माजघर आणि देवाची खोली आतून रंगवून द्यावी, बाहेरच्या भिंती मार्गशीर्ष ते माघ या मुदतीसाठी तहकूब ठेवाव्यात, आणि हे बोलणे इसारा घेण्यापूर्वीच व्हावे. इसारा एकदा खिशात पडला म्हणजे श्रावणाच्या झडीत परांचीवर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.