ट्रकमधील पेटी कोणाच्या खर्चाने?

कसारा घाटात रात्री मालट्रक बंद पडला की क्लीनर प्रथम खाली उडी टाकतो आणि चाकामागे दगड लावतो. मागे झाडाची फांदी ठेवतो. तोच धोक्याचा इशारा. दुरुस्ती आटोपून ट्रक निघून जातो, दगड मात्र रस्त्यातच राहतो आणि एखाद्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. मग चालकाच्या बेपर्वाईवर प्रवचने झोडली जातात.

परंतु लाकडी ठोकळा, परावर्तक त्रिकोण, चांगला जॅक, बॅटरी, दोरखंड, पिण्याचे पाणी आणि औषधपेटी ट्रकमध्ये का नसते, हे कोणी विचारीत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने प्रत्येक वाहनात प्रथमोपचार पेटी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती; पण पाच वा अधिक कामगार असलेल्या उद्योगापुरतीच. 2020 च्या सुरक्षाविषयक श्रमसंहितेने ही अट दहावर नेली. आपल्या देशातील बहुसंख्य ट्रक तर लहान मालकांचे आहेत. म्हणजे जेथे गरज अधिक, तेथेच कायदा पाठ फिरवतो!

लहान मालकही भाड्याच्या ओढाताणीत पिचलेला असतो, हे खरे. म्हणूनच या साहित्याचा खर्च माल पाठविणाऱ्या बड्या कंपन्यांनी देय असलेल्या भाड्यात धरला पाहिजे. चालकाच्या भत्त्यातून तो निघता कामा नये. आपल्या कार्यकर्त्यांनी ट्रकतळांवर जावे, पेट्या उघडून पाहाव्यात आणि ही मागणी संघटितपणे मांडावी. सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नव्हे; तो श्रमिकाचा हक्क आहे.