मुलाचा कल आणि मास्तराची रीत

दहावीचा निकाल लागला कीं भोसरीपासून चाकणपर्यंत घरोघर एकच वाक्य ऐकूं येतें : “आमच्या पोराच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं, त्याला आय.टी.आय.ला घाला.” आई म्हणते, बाप म्हणतो, मास्तर तर आधींपासूनच म्हणत असतो. आणि ज्याच्याविषयीं हें चाललेलें असतें तो पोरगा मान खालीं घालून तें खरें मानतो. आमचें म्हणणें असें कीं, हें वाक्य अर्धेंच आहे. कोणत्या रीतीनें शिकविलें म्हणून शिरलें नाहीं, आणि त्यासाठीं वेळ किती दिला, हा उरलेला अर्धा भाग कोणी विचारीत नाहीं.

शेतकऱ्यास ही गोष्ट सांगावी लागत नाहीं. बाजरी तीन महिन्यांत काढणीस येते, आडसाली ऊस दीड वर्ष शेतांत उभा असतो. तीन महिन्यांत ऊस गोड झाला नाहीं म्हणून त्याला कोणी मठ्ठ म्हणत नाहीं. पाणी देतो, वाट पाहतो, आणि गूळ शेवटीं त्याचाच होतो. अमेरिकेंतील जॉन कॅरल यांनीं १९६३ सालीं नेमकी हीच दृष्टि शाळेला लावली. मुलाची पात्रता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्यास त्याला लागणारा वेळ, असें त्यांनीं मांडलें. शिकवणी वाईट असली तर तो वेळ वाढतो, हेंहि सांगितलें. पुढें १९६८ सालीं बेंजामिन ब्लूम यांनीं त्यावरून रीत सुचविली : एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा घेऊं नये, ज्याचें चुकलें त्याला निराळ्या तऱ्हेनें पुन्हां शिकवावें, म्हणजे बहुतेक मुलें वरचा पल्ला गाठतील. आमच्या शाळांत काय चालतें? तास सर्वांना सारखा आणि रीतहि एकच. घंटा झाली कीं धडा संपला. ज्याला आलें तो हुशार, ज्याला न आलें तो ढ!

यांत एक गोम आहे, ती आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. ज्या घरीं चार पिढ्या पुस्तकें वाचलीं जात आहेत, त्या घरीं शाळेंत राहिलेला धडा संध्याकाळीं भरून निघतो. नाहीं निघाला तर शिकवणीला पैसे असतात. ज्याचा बाप दुसऱ्या पाळीला गेला आहे आणि आई बाजारांत कांदा निवडते आहे, त्या मुलाला तो जादा वेळ कोण देणार? म्हणजे ज्याला आपण उपजत बुद्धि म्हणून नमस्कार करतों, ती पुष्कळदां घरांत फुकट मिळालेली वेळेची कमाई असते.

आतां रीतीचें पाहूं. फळ्यावर अपूर्णांक आले कीं घाबरणारीं मुलें पुष्कळ. पण त्यांतल्याच एखाद्याच्या हातांत फिटरच्या वर्गांत व्हर्निअर कॅलिपर द्या. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकपट्टीवर ५० भागांत वांटलेले असतात; म्हणून सरकपट्टीचा एक भाग ०.९८ मिलिमीटर, आणि दोहोंतील फरक ०.०२ मिलिमीटर. सूत्र पाठ करावयास लावलें तर हें दोन दिवसांत विसरतें. तेंच कानशीनें घासलेला स्वतःचा तुकडा मोजतांना, कोणती रेघ कोणत्या रेघेशीं जुळली हें डोळ्यांनीं पाहतांना, मुलाला उमगतें, आणि दशांश कशाला म्हणतात हेंहि उमगतें. शेतकऱ्याच्या मुलाला ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एक एकर हें बांधावर कळतें. तोच मुलगा पुस्तकांतल्या क्षेत्रफळाला अडतो. दोष डोक्याचा असता तर बांधावरहि अडला असता.

परंतु येथेंच एक खड्डा आहे. “कारागिराचा पोरगा, तो हातानेंच शिकायचा, त्याला पुस्तक कशाला?” असें गोड बोलून सांगणारे पंडित निघतात. त्यांच्यापासून सावध राहावें. अमुक मूल डोळ्यांनीं शिकतें, तमुक कानांनीं, तमुक हातांनीं, अशा वांटण्या करून त्याप्रमाणें शिकविल्यास अधिक येतें, ह्या समजुतीचा हॅरल्ड पाश्लर व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं धांडोळा घेतला. तिला पुरेसा आधार त्यांना सांपडला नाहीं. त्यापूर्वीं १९७७ सालीं ली क्रॉनबॅक व रिचर्ड स्नो यांनीं मुलाची पात्रता आणि शिकविण्याची रीत यांचा मेळ कोठें बसतो हें तपासणारा मोठा ग्रंथ लिहिला. बहुतेक जोड्या एका ठिकाणीं जमल्या तर दुसऱ्या ठिकाणीं फसल्या. त्यांतल्या त्यांत टिकलेली गोष्ट ही कीं, ज्याची तयारी कमी त्याला पायरीपायरीनें, नीट उलगडून, वारंवार तपासून शिकविल्यास लाभ होतो; ज्याची तयारी झाली आहे तो मोकळीक मिळाल्यास अधिक पुढें जातो. म्हणजे पाया कच्चा असलेल्यालाच उत्तम मास्तराची गरज जास्त. आमच्याकडे हुशार तुकडीला चांगला मास्तर, आणि मागच्या तुकडीला जो उरेल तो!

‘कल’ ह्या शब्दाच्या आड जात कशी येऊन बसते, हें मद्रास प्रांतानें १९५३ सालीं पाहिलें आहे. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं खेड्यांतील प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळीं मुलांनीं आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. कुंभाराचा कुंभार आणि परटाचा परीटच राहावा असा तिचा अर्थ लोकांनीं ओळखला, रान उठविलें, आणि १९५४ सालीं ती योजना गुंडाळावी लागली. चाकणच्या जर्मन मोटारकारखान्यांकडे पाहून त्या देशाच्या शिक्षणाचें कौतुक करणारे आज पुष्कळ आहेत. तेथला शिकाऊ उमेदवार कारखान्यांतहि शिकतो आणि शाळेंतहि शिकतो, हें घेण्यासारखें आहे खरें. पण त्याच देशाच्या बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा निराळ्या करतात, आणि मजुरांचीं मुलें खालच्या वाटेला अधिक जातात, तें मात्र आम्हांस नको.

आपल्या सरकारनें २०१६ सालीं दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. शेती, वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकीं मुलाचा ओढा कोठें, हें संगणकावर प्रश्न विचारून ठरविलें गेलें. ओढा विचारला हें बरेंच झालें. पण दहा वर्षें एकाच रीतीनें शिकविल्यावर अकराव्या वर्षीं कल विचारणें म्हणजे पीक जळाल्यावर मातीची परीक्षा करणें होय. शिवाय जें मशीन मुलानें कधीं पाहिलेंच नाहीं त्याचा ओढा त्याला वाटणार कसा? बरें, आय.टी.आय.चा प्रवेश तरी हात पाहून होतो काय? तोहि मुख्यत्वें दहावीच्या गुणांच्या यादीनेंच होतो. हातांत कानस कशी बसते, नकाशा पाहून वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं. आणि पुढें कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून गेलेल्या मुलाला कोठें कोठें वर्षभर पेट्या उचलावयास लावतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा धंदा शिकविण्यासाठीं आहे, स्वस्त हमाल पुरविण्यासाठीं नाहीं.

हातानें सुरुवात करा, पण हातावर थांबूं नका, हें आमचें सांगणें आहे. लेथवर काम करणाऱ्याला एक्स आणि झेड हे अक्ष कळले पाहिजेत. तेच त्याला सी.एन.सी. मशीनच्या आज्ञा लिहिण्यापर्यंत नेतात. व्हर्निअरवरून दशांश, दशांशावरून त्रिकोणमिति, तेथून पदविका आणि पदवी, अशी चढती पायवाट ज्या शाळेंत आहे ती खरी शाळा. जिची वाट मशीनचें बटण दाबण्यापाशीं संपते, तिला आम्ही कोंडवाडा म्हणूं.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांचे मास्तर शेतकरी वर्गांतून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाहीं असे असावेत, असें मागितलें होतें. त्यांनीं मुलाचा कल बदलावयास सांगितलें नव्हतें, मास्तर बदलावयास सांगितलें होतें! चाकणच्या ज्या बाजारांत आमचा कांदा विकला जातो त्या बाजारालाहि महात्मा फुल्यांचें नांव आहे. नांव पाटीवर राहिलें. मागणी कोणाच्या ध्यानांत आहे?

ती ध्यानांत ठेवण्याचें काम आतां आईबापांचें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर बसून चहा पिऊन उठूं नका. विचारा : मागच्या बांकावरच्या मुलाला हा धडा दुसऱ्या रीतीनें पुन्हां शिकविला काय? ज्याला वेळ जास्त लागतो त्याच्यासाठीं शाळेंत तास आहे काय? २०२० च्या शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, विजेचें काम, बागकाम यांची ओळख सांगितली आहे. ती इंजिनियरच्या आणि डॉक्टरच्या मुलालाहि होते काय, कीं वांकस पुन्हां आमच्याच पोरांच्या हातीं?

आणि घरीं एवढेंच करा. “त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं” हें वाक्य पोराच्या देखत बोलणें आजपासून बंद करा. उसाला आपण दीड वर्ष देतों, मग पोटच्या पोराला दुसरी संधि देतांनाच आपला हात कां आंखडावा?