तारीख वाचली, तापमान कुणी वाचायचे?



गेल्या आठवड्यात नालासोपाऱ्यातल्या एका दुकानातून फ्रोजन मटारचे पाकीट आणले. मुदत संपायला सात महिने होते. घरी कात्री लावली तर दाणे सुटे नव्हतेच. आत मुठीएवढी ढेकळे, त्यांवर बर्फाचा थर. उसळीत साल एकीकडे, गर एकीकडे. पाकीट परत नेले, तेव्हा दुकानदाराने तारखेवर बोट ठेवले.

ही तारीख 'उणे १८ अंशांवर साठवल्यास' एवढ्या अटीवरच खरी असते. मटार वितळून फ्रीझरमध्ये पुन्हा हळूहळू गोठला की बर्फाचे मोठे स्फटिक दाण्याच्या पेशी फाडतात. चव गेली तर एक वेळ चालवून घेऊ. पण गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, नुसते थंडावतात आणि माल वितळला की वाढू लागतात. तारीख मात्र जागची हलत नाही!

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाणे नवे नाही. जुलै २०१८च्या पुरात तर वसई-विरारचे कितीतरी भाग अंधारात होते. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर माल दीड-दोन दिवस तग धरतो, पण दुकानातले झाकण सारखे उघडते. व्यापारी दराने येणारे वीजबिल दुकानदाराला जड जाते, हे मला कळते. म्हणून बिघडलेला माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचा का?

वाडीवरची भेंडी आम्ही टोक मोडून घेतो, वांगे देठ बघून. बंद पाकिटाला ना वास, ना स्पर्श. साध्या पिशव्यांत भरून विकल्या जाणाऱ्या मटारावर तर नाव-तारीखही नसते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर 'बेस्ट बिफोर'ची पाटी लावणे सक्तीचे झाले. मग प्रत्येक डीप फ्रीझरवर गिऱ्हाइकाला दिसेल असा तापमापक का नको? अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्याआधी तो सक्तीचा करावा आणि तपासणीत तारखेबरोबर आतले तापमानही नोंदवावे.

दुकानदारांनी वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. नाणे बर्फात बुडालेले दिसले, तर मधल्या काळात माल वितळला होता असे समजावे.

वाचकांनी पाकीट घेताना कानाशी हलवून पाहावे. दाणे खुळखुळले नाहीत, तर तारीख कितीही पुढची असो, ते परत ठेवावे.

— एक गृहिणी, नालासोपारा (प.)