बेरीज शहराची, वजाबाकी कामगारांची



‘यंत्रांची भीती निराधार’ हे मागील अंकातील पत्र वाचले. यंत्रांमुळे नवी कामे निघतात, हे मान्य. पण ती नवी कामे रोजगार गमावलेल्या माणसालाच मिळतात का?

इंदूरची हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कारणे देशभरच्या कापडगिरण्यांना ग्रासणारीच होती : जुनाट यंत्रे, पॉवरलूमची स्पर्धा, ढिसाळ कारभार. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले, ते थेट २५ डिसेंबर २०२३ रोजी. तोवर कित्येक कामगार वारले होते. दरम्यान शहरातल्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. पण माग चालवणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. पत्रलेखक शहराची बेरीज मांडतात, घराघरातली वजाबाकी विसरतात.

आज कॉल सेंटरमधली आणि हिशेबनीसांची कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागली आहेत. तंत्रज्ञान अडवा, असे माझे म्हणणे नाही. पण बदलाआधी कामगारांची देणी स्वतंत्र खात्यात ठेवावीत आणि पगारी प्रशिक्षण द्यावे, एवढी अट मालकांवर घालायला पत्रलेखकांची हरकत आहे का?

– एक वाचक, इंदूर