पहिले बोन्साय कोणते घ्यावे?

नव्या दुकानाच्या मुहूर्ताला वा गृहप्रवेशाला अलीकडे बोन्साय भेट म्हणून येते. वातानुकूलित दुकानात ते गल्ल्याशेजारी विराजमान होते. पहिला आठवडा कौतुकात जातो, मग पाने गळू लागतात आणि दोन महिन्यांत कुंडीत केवळ काटकी उरते. दोष झाडाचा नसतो. बोन्साय ही शोभेची वस्तू नसून उथळ कुंडीत वाढणारा वृक्ष आहे, हे देणाऱ्याने सांगितलेले नसते व घेणाऱ्याने विचारलेले नसते.

नवशिक्याने आरंभ जेडपासून करावा. दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशातले, लहान गोल पानांचे हे झुडूप पानांत व खोडात पाणी साठवते. म्हणून कुटुंब चार-सहा दिवस यात्रेला गेले तरी ते तग धरते. ओळखीच्या घरून आणलेली बोटभर फांदी तीन-चार दिवस सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत खोचली की रोप तयार होते. जेड मरते ते बहुधा अतिपाण्याने. माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे आणि कुंडीच्या तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत.

दुसरी निवड नांदरुक किंवा वड. ही झाडे आपल्या हवेतलीच असून छाटणीच्या जखमा लवकर भरून काढतात. सकाळचे ऊन मिळणारी गॅलरी त्यांना मानवते; जागा वारंवार बदलल्यास ती पाने गाळतात. दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, वाढलेली मुळे थोडी छाटून माती बदलावी. फांदीला वळण देणारी तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. जुनिपर मात्र दिसायला मोहक असले तरी त्याला हिवाळ्यातील खरी थंडी लागते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा हट्ट धरू नये.

मुळे छाटणे ही वनस्पतीवर बळजबरी नव्हे काय, असा प्रश्न घरातील ज्येष्ठ विचारतात. प्रश्न सयुक्तिक आहे. बोन्साय उपाशी ठेवून लहान केले जाते, हा समज चुकीचा आहे. त्याला नियमित पाणी व खत लागतेच. तथापि छाटणी ही छाटणीच. ज्यांच्या मनाला ती रुचत नाही त्यांनी बोन्सायचा नाद सोडून साध्या कुंडीतील झाड वाढवावे, त्यात उणेपणा नाही. मात्र हौसेने आणलेला जीव दुर्लक्षाने वाळू देणे, याचे समर्थन कोणत्याही बाजूने होत नाही.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पाइनचे एक बोन्साय आहे. 1625 पासून त्याची निगा राखली जात आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. 1945 च्या अणुबाँबमधूनही ते वाचले. 1976 मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. बाँबची हकीकत तेथील लोकांना 2001 मध्ये, घरातील नातवंडे झाड पाहायला गेली तेव्हा कळली.

पेढी जशी एका पिढीने उभारून दुसरीच्या हाती द्यायची असते, तसेच हे झाड. म्हणून बोन्साय घेण्यापूर्वी घरात एकच गोष्ट ठरवावी: रोज सकाळी माती बोटाने चाचपून पाहण्याचे काम कोणाचे? त्याचे उत्तर मिळाले की झाड कोणते, हा प्रश्न सोपा होतो.