लाल रकाने म्हणजे ॲलर्जी नव्हे



गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत एका लॅबची ठळक जाहिरात होती. मुलाच्या रक्ताचा एक नमुना द्या, दोनशे पदार्थांची ॲलर्जी तपासून घ्या, सॅम्पल घरी येऊन नेऊ! मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. अशा जाहिरातींचे पुढे काय होते ते माझ्या टेबलावर येते, म्हणून हे पत्र.

परवाच एक रंगीत फाइल आली. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, सगळे लाल रकान्यात. मूळ तक्रार काय, तर वरचेवर सर्दी आणि अधूनमधून पोटदुखी. तेवढ्यावर मुलाची पोळी, वरण, दूध, सगळे बंद केलेले. मी विचारले, "शेंगदाणे खाल्ले की काय होतं?" आई म्हणाली, "काहीच नाही हो डॉक्टर. दाण्याची चटणी तर त्याला रोज लागायची." शेंगदाण्यांचा प्रश्न तिथेच निकाली निघाला. वजन मात्र घटले होते.

असल्या तक्त्यांत बहुधा आयजीजी ही प्रतिपिंडे मोजलेली असतात. मूल जे नेहमी खाते, त्याची ती रक्तात असणारच. निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितले. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही 2011 च्या मार्गदर्शिकेत मुलांसाठी ती नाकारली.

आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडांची चाचणी खरी उपयोगाची, पण तीही एकटी पुरत नाही. बंगळुरू-म्हैसूर भागातल्या पाहणीत रक्तात आयजीई सापडलेली मुले बरीच निघाली, प्रत्यक्ष ॲलर्जीची शक्यता असलेली अगदी मोजकी. म्हणून आधी हकिगत विचारायची : काय खाल्ले, किती, किती वेळाने त्रास झाला, दर वेळी होतो का. मग संशय असेल त्याच पदार्थाची त्वचाचाचणी. तिचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. तरीही शंका उरली तर रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, थोडे थोडे खाऊ घालून पाहायचे. उशिरा त्रास देणाऱ्या ॲलर्जीत तो एकच पदार्थ दोन ते सहा आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात. हे 'पुन्हा सुरू करणे' बहुतेक घरांत राहूनच जाते. गव्हाच्या सीलिॲक आजाराची शंका असेल, तर तपासणीआधी पोळी बंद करू नये. नाहीतर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

याचा अर्थ ॲलर्जी हे शहरी खूळ आहे असा नाही. अंडे किंवा काजू खाऊन काही मिनिटांत अंगावर गांधी उठणारे, ओठ सुजणारे, श्वास घरघरणारे मूल मी पाहिले आहे. त्याला मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. पण वर्गातली चार-पाच मुले असले तक्ते घेऊन आली, की बाईंना सगळ्याच चिठ्ठ्या नखऱ्याच्या वाटू लागतात, आणि त्या एका मुलाची चिठ्ठीही त्यांच्यातच पडते.

लॅबला धंदा करायचा आहे, हे समजू शकते. आपल्या पुरवणीचे काय? माझ्या सल्ल्यापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवणारे पालक मी रोज पाहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुलांच्या ॲलर्जीची पॅकेजे विकणाऱ्यांच्या जाहिराती निदान आरोग्याच्या पानावर तरी घेऊ नयेत. आणि छापलेल्या जाहिरातीबद्दल पुढच्या रविवारी त्याच पानावर खुलासा यावा.

– एक बालरोगतज्ज्ञ, जि. सातारा