बेभरवशाच्या वेलीला आलेला भाव

एखादे जुने वाण नाहीसे होऊ लागले की आपण हळहळतो आणि शेतकऱ्याला बोल लावून मोकळे होतो. इटलीतील ‘टिमोरासो’ या पांढऱ्या द्राक्षाची हकिकत वाचली, तर हा बोल किती अन्यायाचा आहे ते कळते.

वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, तोर्तोना गावाभोवतालच्या टेकड्यांवर हे द्राक्ष एके काळी मुबलक होते. १८७९ मध्ये फायलोक्सेरा ही वेलींची मुळे पोखरणारी कीड इटलीत सापडली. पुढे मळे नव्याने लावायची पाळी आली, तेव्हा टिमोरासोला वगळून अनेकांनी ‘कोर्तेझे’ हे दुसरे पांढरे वाण पसंत केले. का करू नये? टिमोरासोची फळधारणा असमान, मणीगळ ठरलेली. कोर्तेझे भरवशाने पिकणार. आपल्याकडच्या बागायतदाराने तरी दुसरे काय केले असते? पुढे तरुण मंडळी शहरांतल्या कारखान्यांकडे वळली आणि १९८० च्या सुमारास टिमोरासोच्या तुरळक ओळीच काय त्या उरल्या.

मोन्लेआले या खेड्यातील वाल्तेर मास्सा यांनी त्या ओळी उपटल्या नाहीत. १९८७ च्या हंगामात त्यांनी या द्राक्षांची वाइन वेगळी काढून पाहिली. पांढरी वाइन ताजी असतानाच संपवावी, असा सर्वसाधारण समज. ही मात्र आंबटपणाच्या आणि भरीव अंगाच्या बळावर वर्षानुवर्षे टिकते, मुरत जाते. जुनी झाली की तिला मधाचा आणि कधी कधी चक्क रॉकेलचा वास येतो! (नाक मुरडू नये, जर्मनीच्या नामांकित रीसलिंगमध्ये जाणकार हाच वास वाखाणतात.)

मास्सांनी हे गुपित दडवून ठेवले नाही. शेजाऱ्यांनाही त्यांनी हीच वेल लावायला सांगितले. तोर्तोनाच्या ‘देर्तोना’ या प्राचीन नावाने ती वाइन विकली जाऊ लागली, चांगला भाव आला आणि लागवड शेकडो हेक्टरांवर गेली. परंपरेचा अभिमान पूर्वीही होताच की. त्याने एक वेल वाचली नव्हती.

आता बारोलोच्या तांबड्या वाइनसाठी नावाजलेल्या घराण्यांनीही या टेकड्यांवर जमिनी घेतल्या आहेत. आनंद आहे, पण धास्तीही वाटते. ही वाइन मुरायला वेळ मागते आणि तिचा भाव त्या मुरण्याचा आहे. बाटल्या पहिल्याच वर्षी खपवण्याची घाई सुटली, तर टिमोरासो आणि कोर्तेझे यांतला फरक गिऱ्हाइकाला कळणार नाही, आणि मणीगळ सोसायला शेतकऱ्यापाशी काही कारण उरणार नाही.